विहिरीतल्या बाटल्या

बाटल्या विहिरीतून वर यायला लागल्या तशी लताबाईंनी मुद्दाम पाठ फिरवली आणि त्या ओट्यावर हरभऱ्याचे सोलाणे सोलत बसल्या. कान मात्र विहिरीकडेच होते.

"हळू रे नवनाथ, शेवाळ हाय पायरीवर," सावळीरामअण्णा काठावरून ओरडत होते. "दोन हातांनी धर. लेकरू धरल्यागत धर."

"अण्णा, दोन्ही हातांनी बाटल्या धरल्या तर वर चढू कशाने?"

"पाय कशाला दिलेत? आम्ही काय हातानं चढायचो व्हय?"

तेजल काठापासून चांगली लांब उभी होती. पिंकीचं मनगट तिने इतकं घट्ट धरलं होतं की अडीच वर्षांची ती पोर वैतागून "सोड ना मम्मी" करत तिच्याभोवती गिरक्या घेत होती. ओली पायरी, काच, खाली वाकलेला सासरा, वर चढणारा नवरा आणि हातातली पोर, सगळं एका नजरेत धरून ठेवायची तेजलला सवय लागली होती. घरातले त्यावरून तिची थट्टा करायचे. तिला काळजी करायला कारण लागत नाही, असं तिची नणंद मीनाताई सगळ्या पाहुण्यांना सांगायची.

पुढच्या आठवड्यात विहिरीत सिमेंटच्या रिंगा उतरायच्या होत्या, म्हणून बाटल्यांना बाहेर यावं लागलं. नाहीतर फर्मीन साहेब स्पेनला परत गेला त्या सालापासून त्या आतल्या कोनाड्यात आडव्या पडून होत्या, पाण्याच्या वर आणि उन्हाच्या खाली. दिंडोरीच्या अंगाला पहिल्या वाइनरीची बाग लावायला तो आला होता आणि सावळीरामअण्णा तिथे मुकादम होते. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती. छाटणीची कात्री आणि हातवारे, एवढ्यावर दोघांनी दोन वर्षं काढली. साहेब ह्याच ओट्यावर बसून ठेचा-भाकरी खायचा, डोळ्यांतून पाणी गाळायचा आणि पुन्हा ठेचाच मागायचा. जाताना त्याने तीन बाटल्या अण्णांच्या हातात दिल्या. एक त्याच्या जन्मसालाची, एक लग्नाच्या सालाची, एक लेक झाली त्या सालाची. घरात असं काही झालं की त्या वर्षीची वाइन बाजूला काढून ठेवायची त्यांच्याकडे रीत, असं कंपनीच्या मॅनेजरने समजावून सांगितलं.

लताबाईंनी मात्र दारातच अडवलं होतं. "माझ्या उंबऱ्याच्या आत बाटली येणार नाय. पाव्हण्याची असो नायतर राजाची."

त्यांचा थोरला भाऊ फकिरा दारूपायी गेला होता आणि त्याची दोन पोरं लताबाईंनीच वाढवली होती. दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना पाचव्या शीलाला, नशेपासून लांब राहण्याच्या त्या शीलाला, त्यांचा आवाज शेजारणीच्या वर जायचा. दोस्ताची भेट फेकवत नव्हती आणि घरात आणता येत नव्हती. अण्णांनी मधला मार्ग काढला, तो सरळ विहिरीत उतरला.

आता त्या तीन बाटल्या अंगणात मांडलेल्या टेबलावर ओल्या गोणपाटावर लोळत होत्या. लेबलं ओलीने केव्हाच सुटून गेली होती. तिन्ही सारख्याच काळ्या, सारख्याच घामेजलेल्या.

"अण्णा, जन्माची कुठली अन् लग्नाची कुठली?" मीनाताईने कंबरेवर हात ठेवून विचारलं. ती सिन्नरहून सकाळच्या एसटीने मुद्दाम ही गंमत बघायला आली होती. "उलटंपालटं झालं तर बिचाऱ्याचं लग्न जन्माआधी लागायचं."

"तूच लाव मग मुहूर्त," अण्णा म्हणाले आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसले. आज ते फार हसत होते. पंच्याहत्तरीच्या माणसाला नवे कपडे घालून यात्रेला न्यावं तसे दिसत होते.

तेजलला हसू येत नव्हतं. तिचा जीव टांगणीला लागला होता, आणि तो विहिरीमुळे नाही.

पिंकी सहा महिन्यांची असताना घरात सगळ्यांना ताप आला होता. सगळ्यांचा उतरला. तेजलचाही उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. दूध करपून भांडं काळं पडलं तरी ती शेजारी उभी राहून पिंकीच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती, तेव्हा तिला कळलं. पिंकीच्या लसीच्या निमित्ताने नाशिकला जाऊन ती एका डॉक्टरला दाखवून आली. "येईल परत. कधी, ते नाही सांगता येत," डॉक्टर म्हणाला. घरी येऊन ती कुणालाच बोलली नाही. ज्या आईला गॅस सुटलेला कळत नाही तिच्यापाशी पोर एकटं ठेवायचं का, असं दुसऱ्या कुणी विचारायच्या आत तिने ते स्वतःलाच विचारून पाहिलं होतं, आणि उत्तर तिला आवडलं नव्हतं. तेव्हापासून ती डोळ्यांनी जगत होती. रेग्युलेटर बंद केला तरी दारातून मागे फिरून पुन्हा बघायचा. जेवायला बसलं की आधी दुसऱ्यांचे चेहरे वाचायचे, मग घास घ्यायचा.

आणि आता स्नेहल येणार होती.

स्नेहल तिची कॉलेजातली मैत्रीण. पेठकडची, बोलायला फटकळ, आता दिंडोरीजवळच्या एका वाइनरीत मुख्य वाइनमेकर. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला होता. हंगाम तोंडावर आलाय, चव-वास बघायला माझ्या हाताखाली माणूस पाहिजे, तुझ्यासारखं नाक मला दुसरं कुठं मिळायचं, सोमवारी ये. तेजलने "येते" म्हटलं. लग्नापासून सुटलेलं ते काम, ती थंडगार लॅब, पांढरा कोट आणि काचेच्या नळ्या तिच्या स्वप्नात यायच्या. हो म्हणताना तिला वाटलं होतं, सोमवारपर्यंत येईल वास. मग बोलता बोलता विहिरीतल्या बाटल्यांचा विषय निघाला आणि स्नेहल म्हणाली, रविवारी मीच येते, आपण दोघी मिळून बघू.

उद्याच सोमवार होता.

गाडी अंगणात येऊन थांबली. स्नेहल खोक्यातून ग्लास काढता काढताच सुरू झाली. "जयभीम अण्णा. जयभीम आई. मीनाताई ना तुम्ही? तेजल फार सांगते तुमचं."

"काय सांगते?" मीनाताईने लगेच विचारलं.

"चांगलंच सांगते हो."

"मग दुसरीच कुणी मीना असंल ती."

स्नेहलने ग्लास ओळीने मांडले, शेजारी थुंकायला एक स्टीलचं पातेलं ठेवलं. लताबाईंनी मान जराशीच वळवून ते पातेलं आपल्या घरचं नाही ना, एवढं बघून घेतलं.

"आई, तुमच्या सुनेसारखं नाक आमच्या अख्ख्या वर्गात नव्हतं," स्नेहल ग्लास पुसत म्हणाली. "डोळ्याला रुमाल बांधून वाइन दिली तरी सांगायची. द्राक्ष कुठलं, पिंप कुठल्या लाकडाचं, सगळं."

सोलाणे सोलणारे हात थांबले.

"सांगायची म्हंजे? पिऊन?"

नवनाथला अचानक मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं दिसलं.

"पीत नाहीत, आई," तेजल म्हणाली. "तोंडात घेऊन फिरवायची आणि थुंकून टाकायची."

"म्हणजे दारूनं चूळ भरायची!" मीनाताईने हात जोडले. "धन्य आहे. अन् लग्नात आम्हाला सांगितलं, पोरगी मायक्रो का काय ते शिकलीय. आम्ही समजलो, दुर्बिणीतून जंतू बघती."

"ते पण बघायचे, ताई."

"मग जंतूंपाशीच थांबायचं होतंस."

"मी अण्णांना सगळं सांगितलं होतं तेव्हाच," नवनाथ मोबाइलमधून वर न बघता पुटपुटला.

"मला कुठं सांगितलंस?" लताबाई आता पूर्ण वळल्या होत्या.

अण्णांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "सांगितलं व्हतं त्यानं. मी इसरलो असंल तुला सांगायला."

"इसरले! विहिरीतला कोनाडा एवढ्या वर्षांत इसरला नाय, अन् सुनेचं इसरले! बापलेक मिळून मला येडी समजता."

"येडी कशाला समजू? दारूच्या द्राक्षाची बाग मी बावीस वर्षं राखली, त्याच भाकरीवर ही दोन पोरं मोठी झाली. तवा शील नाय मोडलं, अन् पोरीनं चूळ भरली तर मोडतं?"

"द्राक्ष ते द्राक्ष. बाटलीत गेलं की ते दुसरंच कायतरी व्हतं. मी बघितलंय ते काय व्हतं ते." लताबाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. मग त्यांनी सुपातले सोलाणे एका बाजूला लोटले. "चूळ भर नायतर आंघोळ कर, तेजल. शील ज्याचं त्याला. मला इचारू नको."

परवानगी होती ती, पण अशी परवानगी की तिच्यापेक्षा नकार बरा. तेजलने स्नेहलकडे बघितलं. आपण काय बोलून बसलो ते स्नेहलला आता कळलं होतं आणि ती बाटलीच्या बुचात डोकं घालून बसली होती.

तिने दोन पात्यांचा ओपनर बुचाच्या दोन्ही अंगांनी हळूहळू खाली सरकवला. जुनं बूच, मळसूत्र घातलं तर भुगा होऊन आत पडतं, असं ती अण्णांना समजावत होती. अण्णा पोराच्या निकालाला बसल्यासारखे बसले होते. नवनाथने बाटलीच्या मानेमागे मोबाइलचा उजेड धरला, म्हणजे गाळ दिसला की ओतणं थांबवता येईल.

पहिला ग्लास स्नेहलने थेट तेजलच्या हातात दिला. "घे. बरेच दिवस झाले तुझं ऐकून."

तेजलने ग्लास नाकाशी नेला. काही नाही. रिकाम्या खोलीत हाक मारावी तसं. तिने ग्लासाच्या काठावरून बघितलं. शेजारी उभ्या मीनाताईचं नाक पार वर मुरडलं होतं आणि ती पिंकीला कडेवर घेऊन दोन पावलं मागे सरली होती.

"व्हिनेगर झालंय," तेजल म्हणाली.

स्नेहलने हुंगलं. "झालंय. पक्कं व्हिनेगर." ती अण्णांकडे वळली. "बुचातून हवा शिरली असणार."

"म्हंजे कामातून गेली?"

"लोणच्याला चालेल."

अण्णांनी मान हलवली. "लग्नाची असंल," ते म्हणाले, आणि ओट्यावरून लताबाईंचं "हं" एवढंच आलं.

तेजलने ग्लास टेबलावर ठेवला. जमलं, ती मनात म्हणाली, आणि लगेच तिची तिलाच लाज वाटली.

दुसऱ्या बाटलीच्या वेळी मीनाताई लांब होती, पिंकीला शेळी दाखवत. अण्णांचा चेहरा एवढा आशेने भरलेला होता की त्यात वाचण्यासारखं दुसरं काही नव्हतं. स्नेहल तर मुद्दामच दगडासारखी उभी होती. तेजलने ग्लास फिरवला, हुंगला, पुन्हा हुंगला. कुणाच्याच चेहऱ्यावर उत्तर नव्हतं.

"मला... काही येत नाही ह्यात," ती शेवटी म्हणाली.

"बरोबर!" स्नेहलने टेबलावर थाप मारली. "काहीच नाहीये. मेलेली आहे, पाणी झालंय हिचं. दुसरं कुणी असतं ना, जुनी आहे म्हणून दहा नावं सांगितली असती. हीच पाहिजे मला सोमवारी."

नवनाथने बायकोकडे अभिमानाने बघितलं. तेजलला जमीन दुभंगली तर बरं असं झालं.

तिसरं बूच अर्धं तुटून वर आलं, उरलेलं अर्धं स्नेहलने श्वास रोखून काढलं. तळाशी जळक्या अक्षरांत काहीतरी छापलं होतं. तिने ते उजेडात धरलं. "चार... आठ. अठ्ठेचाळीस."

"त्याच्या जन्माची!" अण्णा उठूनच उभे राहिले. "सर्वांत म्हातारी हीच."

ओतताना रंग दिसला. जुन्या विटेचा, कडेला नारिंगी. स्नेहलने हुंगलं. डोळे मिटून उभी राहिली. मग म्हणाली, "जिवंत आहे. अण्णा, जिवंत आहे ही. घरात माळ्यावर ठेवली असती ना, तर पहिल्याच मे महिन्यात शिजली असती. विहिरीत बारा महिने गारवा. ही अक्कल कुणाची?"

अण्णांनी हनुवटीने ओट्याकडे दाखवलं. "तिची."

"मी फेकून द्या म्हणले व्हते," लताबाई म्हणाल्या.

सगळे हसले. त्या हसण्यात मीनाताई परत आली, नवनाथ पुढे सरकला, अण्णांनी ग्लासावर वाकून लांबूनच एक श्वास घेतला आणि टोपी नीट केली, जणू आत कुणी मोठं माणूस बसलं होतं. स्नेहलने ग्लास तेजलपुढे धरला. "मी एक शब्द बोलणार नाही. आधी तू."

तेजलला काय बोलायचं ते माहीत होतं. हा देश, हे द्राक्ष, एवढं वय, तर काय काय यायला हवं, ते सगळं तिला पाठ होतं. सुकलेलं अंजीर, चामडं, तंबाखू. तीन शब्द टाकले की झालं. तिने तोंड उघडलंही. मग तिला उद्याची वाइनरी दिसली. रांगेने उभ्या टाक्या, त्यातली एखादी बिघडत चाललेली, आणि स्नेहल आपल्यावर विसंबून दुसऱ्या कामाला गेलेली. तिथे कुणाची मीनाताई नाक मुरडायला उभी राहणार नव्हती.

"मला वास येत नाही," ती म्हणाली.

"हिला? हिला येतोय अगं, नीट घे..."

"बाटलीला नाही. मला. कशालाच." ग्लास खाली ठेवताना काच टेबलावर वाजली. "त्या तापात गेला. पिंकी सहा महिन्यांची होती तेव्हा. डॉक्टर म्हणाले, येईल. नाही आला."

स्नेहलने हातातलं बूच टेबलावर ठेवलं.

"मग पहिल्याला व्हिनेगर म्हणालीस ते?" स्नेहलने विचारलं.

"ताईंचं तोंड बघून."

"माझं?" मीनाताईने गालाला हात लावला.

"तुम्ही असं केलंत ना," तेजलने नाक मुरडून दाखवलं. ते इतकं हुबेहूब झालं की पिंकीने टाळ्या पिटल्या. "आणि दुसरीला मला खरंच काही आलं नाही. नशीब माझं, तिच्यात काही नव्हतंच."

नवनाथ मात्र हसला नाही. आईवडिलांसमोर तो बायकोला कधी लाडाच्या नावाने हाक मारत नसे. "दोन वर्षं, तेजू?" तो म्हणाला. "एका घरात राहून?"

"तुम्ही म्हणाला असतात, पिंकीपाशी आईंना बसव. तिला एकटी सांभाळू नको."

"म्हणालो असतो. मग? बसली असती आई. त्यात काय?"

दोन वर्षं जे तेजलच्या छातीवर बसलं होतं, ते त्याच्या तोंडून एवढुसं होऊन बाहेर आलं होतं. तिचे डोळे भरले आणि तिने ते पुसायच्या आधी सवयीने पिंकी कुठे आहे ते बघितलं.

"म्हणून व्हय तू त्या सिलिंडरपाशी पहारा देतीस," लताबाई ओट्यावरून म्हणाल्या. त्यांच्या मांडीवरचं सूप खाली आलं होतं. "अन् दिवाळीत मी खवट तेलात शेव तळली. घरात कुणी खाईना. तू दोनदा मागून घेतलीस. मला वाटलं, सून गुणाची हाय, सासूचा मान राखती."

मीनाताई आधी फिस्सकन हसली आणि मग गंभीर झाली. "गॅस सुटला की बोंबलणारं यंत्र मिळतं, माहितीय का तुला? आमच्या ह्यांच्या कारखान्यात भिंतीभिंतीवर लावलंय. सांगितलं असतंस तर मागच्या खेपेला साडीच्या ऐवजी तेच आणलं असतं. ती साडी तशीही तुला आवडली नव्हती." ती आईकडे वळली. "अन् तू काय चूळ चूळ करत बसलीस गं आई? पोरगी बघ कशी सुकून गेलीय."

"चूळ तू म्हणलीस," लताबाई म्हणाल्या.

"स्नेहल, उद्याचं राहू दे," तेजल म्हणाली. "तुला दुसरं कुणी..."

"तू गप गं जरा." स्नेहलचा आवाज चिडका होता, पण चीड दुसऱ्याच कशाची तरी असावी. "दोन वर्षं आणि मला एक फोन नाही? साखर, आंबटपणा, पीएच मोजायला नाक लागतं का? डोळे लागतात, आणि ते तुझ्याइतके चालू दुसऱ्या कुणाचे मी बघितले नाहीत. वास बघायला मी आहे. नाकाला रोज काम द्यावं लागतं, सकाळ-संध्याकाळ तेच तेच चार वास हुंगायचे, येवोत न येवोत. तू नाक गुंडाळून ठेवलंस माळ्यावर." तिने ग्लास उचलून पुन्हा तेजलच्या हातात दिला. "घे. आता परीक्षा नाही. कुणाचं तोंड बघू नको. नुसता धर."

तेजलने नुसता धरला. उन्हाने ग्लास कोमट झाला होता. मिळवायचं काही उरलं नव्हतं आणि लपवायचंही. तिने एक श्वास घेतला, मग दुसरा, उगीच. तिसऱ्याला खूप लांबून, भिंतीपलीकडून कुणी बोलावं तसं काहीतरी आलं. हिरवट. उग्र. नकोसं.

"शेपू," ती म्हणाली.

"काय?"

"शेपूची भाजी. माहेरी केली की मी जिन्यात जाऊन बसायचे." तिने घाईने पुन्हा नाक घातलं. "गेला. आत्ता होता."

स्नेहलने ग्लास ओढून हुंगला. तिच्या भुवया वर गेल्या. "जुन्या स्पॅनिश वाइनला येतो असा. ते पिंपाच्या लाकडाचं असतं." मग ती थांबली. "पण तेजल, हे आपण शिकलोय. आणि तू शेपू म्हणाल्यावर मलाही शेपूच येणार."

तोच प्रश्न तेजलच्या मनात आला होता. आला तो वास होता की पाठांतर? आपलं नाक बोललं की आपली आशा? तिने नवनाथकडे बघितलं, त्याला शेपू आणि मेथीतला फरक जेवतानाही कळत नसे. अण्णांची तपकिरीची सवय सगळ्यांना ठाऊक होती. मीनाताईने आधीच "मला तर औषधासारखं येतंय" म्हणून हात वर केले होते.

"आण हिकडं."

लताबाई ओट्यावरून उतरत होत्या. गुडघ्यावर हात ठेवून, एकेक पायरी. विहारात नेसायचं पांढरं लुगडं अजून अंगावर होतं. त्या टेबलापाशी आल्या तशी नवनाथने खुर्ची मागे ओढली, आणि अण्णा बसल्या जागी सरळ झाले.

"आई, वाइन आहे त्यात," तेजल म्हणाली.

"दिसतंय मला. मी हुंगणार हाय, पिणार नाय. तू येवढं म्हणतीस तर आलाय का नाय ते कुणीतरी खरं सांगाया नको?"

त्यांनी ग्लास दोन्ही हातांनी धरला, दांडीला नव्हे तर पोटाला, पाण्याचा तांब्या धरावा तसा. चेहरा आधीच आक्रसला होता. फकिराच्या अंगाला यायचा तो वास येणार, म्हणून त्या जणू फटका झेलायला उभ्या होत्या. त्यांनी नाक जवळ नेलं. थांबल्या. आक्रसलेला चेहरा हळूहळू सैल होत गेला, तो सगळ्यांनी बघितला.

"शेपू हाय," त्या म्हणाल्या. "वाळलेला. पिशवीत जुडी ऱ्हाऊन गेली की येतो तसा."

"नक्की, आई?"

"उभा जन्म मी शेपू निवडला. तुला खोटं सांगून मला काय मिळायचंय?" त्यांनी पुन्हा हुंगलं, ह्या वेळी जास्त वेळ. अण्णा आ वासून बघत होते. "अजून कायतरी हाय मागं. गोड हाय. मला नाव येईना." त्यांनी ग्लास तेजलकडे केला. "तू बघ."

तेजलने बघितलं. एकदा, दोनदा. भिंतीपलीकडचं माणूस बोलायचं थांबलं होतं.

"आता नाही येत, आई."

स्नेहल करायची तसा लताबाईंनी ग्लास गोल फिरवला. जमलं नाही. थोडी वाइन काठावरून उसळून त्यांच्या मनगटावर आली आणि लुगड्याच्या काठावर एक विटकरी ठिपका पडला. मीनाताईच्या तोंडून "अगं बाई" निघालं. लताबाईंनी ठिपक्याकडे बघितलं, मनगट पदराला पुसलं आणि ग्लास सुनेच्या नाकाखाली धरला.

"उद्या कामावर जायचंय ना? पोरगी माझ्यापाशी ऱ्हाईल. हुंग नीट."